पॉक्सो केसमध्ये मुलांचा सपोर्ट पर्सन व्हायचंय? नोंदणीपासून निकालापर्यंत काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

हे लिहायचं कारण सांगतो. मनापासून मदत करायला आलेली माणसं पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या केसमध्ये सपोर्ट पर्सन म्हणून उभी राहतात आणि पहिल्याच भेटीत मुलाला विचारतात, "बाळा, नक्की काय झालं ते सांग बघू." त्या मुलाने तोवर तीच गोष्ट आईला, पोलिसांना, डॉक्टरांना सांगून झालेली असते, त्यात हा अजून एक अनोळखी माणूस. आणि पुढे साक्षीच्या दिवशी आरोपीचे वकील नेमकं तेच पकडतात, "या ताईंनी तुला काय बोलायचं ते शिकवलं ना?" चांगल्या हेतूने विचारलेला एक प्रश्न मुलाच्या साक्षीवर उलटतो.

सपोर्ट पर्सनचं काम दोन वाक्यात बसतं. पुढे काय होणार आहे ते मुलाला आधी कळलं पाहिजे, आणि मुलाला काय हवंय, कशाची भीती वाटतेय ते पोलीस, बाल कल्याण समिती (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आणि कोर्टापर्यंत पोचलं पाहिजे. खाली जे काही आहे ते सगळं याच दोन गोष्टींसाठी आहे.

## १. आधी स्वतःची जागा ओळखा

पॉक्सो कायदा २०१२ चा, त्याचे सध्याचे नियम २०२० चे. त्या नियमांमध्ये सपोर्ट पर्सन म्हणजे तपास आणि खटला चालू असताना मुलाला मदत करण्यासाठी बाल कल्याण समितीने नेमलेली व्यक्ती. बाल हक्कांसाठी काम करणारी संस्था किंवा व्यक्ती, मूल जिथे राहतंय त्या बालगृहातला कर्मचारी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातला माणूस, यांच्यापैकी कोणीही असू शकतं. शिवाय मुलाला आणि पालकांना स्वतःच्या विश्वासातल्या दुसऱ्या कोणाची मदत घ्यायलाही नियम अडवत नाहीत.

तुम्ही काय नाही ते आता नीट बघा, कारण निम्मे घोळ इथेच होतात.

वकील तुम्ही नाही. मुलाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे आणि तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, त्यांचा हेल्पलाइन नंबर १५१००. तुम्ही तपास अधिकारी नाही, पुरावे गोळा करत हिंडायचं नाही, आरोपीच्या घराकडे फिरकायचं नाही. समुपदेशकही नाही, जरी तुमची डिग्री मानसशास्त्राची असली तरी, कारण थेरपी आणि कोर्टातली सोबत ही दोन कामं एकाच माणसाकडे आली की मुलाला कळत नाही आपण कोणाशी काय बोलायचं.

अमेरिकेत राहणारे काही वाचक तिथल्या कासा कार्यक्रमात (कोर्टाने मुलासाठी नेमलेले सामान्य नागरिक) व्हॉलंटियर असतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. तिथे व्हॉलंटियर मुलाच्या हिताचं काय ते शोधून न्यायाधीशांना लेखी शिफारस करतो, इथे तसं नाही. इथे तुम्ही समितीला मुलाच्या परिस्थितीचा रिपोर्ट देता, कोर्टाला केसबद्दल मत देत नाही. तिकडची सवय इकडे आणू नका.

तपासून घ्या: केस लांबली तरी शेवटपर्यंत थांबायची तयारी आहे का? मुलाची साक्ष कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात संपावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. सहा महिन्यांनी नोकरी बदलून दुसऱ्या शहरात जायचं असेल तर आत्ता नाव देऊ नका. मधेच कोणी निघून गेलं की ते मुलाच्या मनाला फार लागतं, त्याच्या आयुष्यातली मोठी माणसं आधीच भरवशाची राहिलेली नसतात.

## २. नाव कुठे आणि कसं नोंदवायचं

महाराष्ट्रात जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, दुभाषे, विशेष शिक्षक, तज्ज्ञ आणि सपोर्ट पर्सन यांची यादी तिथे ठेवली जाते. तिथे जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका, माणसं बदलतात आणि तुमचं नाव कुठेच राहत नाही.

सोबत ओळखपत्र, शिक्षणाचे कागद, मुलांसोबत काम केल्याचा अनुभव दाखवणारं पत्र आणि पोलीस पडताळणीचा दाखला ठेवा. दाखला कोणी मागितला नाही तरी स्वतःहून द्या, मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने द्यावा असं माझं ठाम मत आहे. समाजकार्य, मानसशास्त्र, बालविकास असं शिक्षण किंवा मुलांच्या शिक्षणाचा, संरक्षणाचा अनुभव बघितला जातो. तसा अनुभव नसेल तर आधी एखाद्या बाल हक्क संस्थेत जोडून घ्या, एकट्याने सुरुवात करायचा हट्ट नको.

अर्जात भाषा जरूर लिहा. अहिराणी, गोंडी, कोरकू, बंजारा, मालवणी, कोकणी, सांकेतिक भाषा, जे येत असेल ते. एखादी पारधी वस्तीवरची किंवा मेळघाटातली मुलगी प्रमाण मराठीत प्रश्न आला की गप्प होते आणि लोक समजतात घाबरली.

नियमांत मानधनाची तरतूद आहे, कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नको असं त्यात म्हटलंय. सेवाभावाने करायचं असेल तरी प्रवासखर्चाचा विषय सुरुवातीलाच लेखी विचारून घ्या, नाहीतर तालुक्याच्या गावाहून जिल्हा कोर्टात दर तारखेला स्वतःच्या खिशातून जाणं फार दिवस जमत नाही आणि मग तारखा चुकायला लागतात.

गोव्यातल्या वाचकांनी लक्षात ठेवा, तिथे पॉक्सोसोबत २००३ चा गोवा बाल कायदाही आहे आणि त्याखालचं वेगळं चिल्ड्रन्स कोर्ट आहे, त्यामुळे कुठलं प्रकरण कुठे चालतंय ते आधी विचारून घ्या.

## ३. पहिली केस हातात येण्याआधी करायची तयारी

हा टप्पा बहुतेक जण उडवतात. केस आली की शिकू, असं म्हणतात. केस आली की वेळ नसतो.

एक, जिल्हा कोर्टाची इमारत पायाखाली घाला. पॉक्सोचं विशेष कोर्ट कुठल्या मजल्यावर, मुलांसाठी वेगळी खोली आहे का, त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, संडास कुठे, मागचं दार आहे का, जेलमधून आणलेल्या आरोपींना पोलीस कुठल्या जिन्याने नेतात, जामिनावरचे आरोपी कुठे उभे असतात. जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात असुरक्षित साक्षीदारांसाठी (मुलं आणि साक्ष देताना जास्त आधार लागणारे इतर साक्षीदार) जिल्ह्याजिल्ह्यात साक्ष केंद्रं उभारायला सांगितलं होतं, तुमच्या जिल्ह्यात ते कुठे आहे आणि खरंच वापरात आहे का ते जाऊन बघा.

दोन, वहीत नंबर लिहा. बाल कल्याण समितीचे अध्यक्ष आणि चार सदस्य, समिती कुठल्या दिवशी बसते, बाल संरक्षण अधिकारी, विशेष बाल पोलीस पथक, पॉक्सो कोर्टाचे सरकारी वकील, त्यांच्यासोबत काम करणारे पैरवी अंमलदार, विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस, सिव्हिल हॉस्पिटल, १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस आणि तातडीची मदत). पैरवी अंमलदाराला कमी लेखू नका हं, पुढची तारीख, समन्स निघालं का, साहेब रजेवर आहेत का, हे सगळं त्यांना सर्वात आधी माहीत असतं.

तीन, कायद्यातली थोडी कलमं तोंडपाठ असू द्या. २४ ते २७ जबाब आणि मेडिकलची, ३३, ३६ आणि ३७ कोर्टातल्या वागणुकीची, २३ ओळख गुप्त ठेवण्याची. बाकी वकील बघतील.

थांबा: ज्या मुलाच्या घरच्यांशी किंवा आरोपीशी तुमचं नातं, शेजार, नोकरी, राजकारण, काहीही संबंध असेल ती केस घेऊ नका. लहान गावात हे अवघड जातं तरी नाही म्हणा.

## ४. नेमणूक: कागद हातात आल्याशिवाय भेट नाही

क्रम असा असतो. पोलिसांकडे तक्रार आली की त्यांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष कोर्टाला कळवायचं. समिती मुलाची आणि पालकांची किंवा विश्वासातल्या व्यक्तीची संमती घेऊन सपोर्ट पर्सन नेमते आणि पोलिसांना कळवते, आणि पोलिसांनी ही नेमणूक २४ तासांत कोर्टाला लेखी कळवायची असते.

शेवटची पायरी हमखास गळते. मग साक्षीच्या दिवशी तुम्ही मुलासोबत आत जाता आणि विचारणा होते, "तुम्ही कोण?" म्हणून समितीच्या आदेशाची सही-शिक्क्याची कॉपी घ्या, ती कोर्टाच्या फाइलला लागली की नाही ते सरकारी वकिलांना विचारा, आणि एक कॉपी कायम पिशवीत.

संमतीबद्दल अजून एक. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सपोर्ट पर्सन मिळू शकतो ही माहिती प्रत्येक केसमध्ये पालकांना द्यायलाच हवी. "त्यांनी मागितला नाही" हे कारण चालत नाही. पण मुलाला तुम्ही नको असाल तर तुम्ही नको. मूल कधीही समितीला सांगून तुमची सेवा थांबवू शकतं, त्याने कारण देण्याचीही गरज नाही. हे त्याला पहिल्याच भेटीत स्वतःच्या तोंडाने सांगा.

## ५. पहिली भेट

मुलाला जिथे बरं वाटतं तिथे भेटा. घरात नातेवाईकांची गर्दी असेल किंवा आरोपी त्याच घरातला असेल तर समितीच्या किंवा संस्थेच्या खोलीत. बंद दाराआड एकटे बसू नका, दार उघडं आणि घरचं किंवा संस्थेचं कोणीतरी नजरेच्या टप्प्यात पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. यात मुलाचीही सुरक्षितता आहे आणि तुमचीही.

सुरुवात स्वतःपासून. "माझं नाव अमुक. पोलीस स्टेशन, दवाखाना, कोर्ट जिथे जावं लागेल तिथे मी तुझ्यासोबत असणार. काय झालं ते तू मला सांगायची गरज नाही, मी ते विचारणारही नाही. तुला काही कळलं नाही, भीती वाटली, काही नको असलं तर ते मला सांग, मी ते पुढे पोचवेन." एवढं बोलून झालं की शाळा, क्रिकेट, मांजर, जे काही असेल ते. पहिल्या भेटीत यापेक्षा जास्त काही घडलं नाही तरी भेट चांगली झाली असं समजा.

एक वचन कधीच देऊ नका, "हे आपल्या दोघातच राहील". गोपनीयता पाळणं तुमच्यावर बंधनकारक आहेच, पण मुलाने नवीन धोका सांगितला, दुसऱ्या कोणी त्रास दिल्याचं सांगितलं, तर ते तुम्हाला कळवावंच लागतं, कायद्याने. म्हणून असं सांगा, "तुझ्या जिवाला धोका आहे असं काही कळलं तर मला ते मदत करणाऱ्या माणसांना सांगावं लागेल, पण आधी तुला सांगून मगच." आणि दुसरं वचन, "त्याला शिक्षा होणारच". ते तुमच्या हातात नाही.

मूल स्वतःहून घटनेबद्दल बोलायला लागलं तर? तोंडावर थांबवू नका, ऐका. "मग?", "कुठे?", "किती वेळा?" असे प्रश्न मात्र लावू नका. ऐकून झाल्यावर "तू सांगितलंस ते बरं केलंस" एवढंच म्हणा. त्यात पोलिसांना आधी माहीत नसलेलं काही असेल तर मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहा आणि त्याच दिवशी तपास अधिकाऱ्यांना आणि समितीला कळवा.

दोन वेगळ्या परिस्थितींबद्दल थोडं जास्त लिहितो. पहिली, मुलगे. पॉक्सो मुलामुलींना सारखाच लागू आहे, पण मुलाच्या केसमध्ये घरचे म्हणतात "पोरगा आहे, विसरेल" आणि सपोर्ट पर्सनची मागणीच होत नाही. तुम्ही यादीत असाल तर समितीला सांगून ठेवा की मुलग्यांच्या केसही घ्याल. पुरुष सोबत हवा की बाई हे त्या मुलालाच ठरवू द्या.

दुसरी, सोळा-सतरा वर्षांची मुलगी जी म्हणते, "तो माझा बॉयफ्रेंड आहे, तक्रार बाबांनी केलीय". अशा केसेस भरपूर येतात. इथे सपोर्ट पर्सन बऱ्याचदा घरच्यांच्या बाजूने मुलीला समजवायला बसतात आणि तिथे विश्वास संपतो. तुमची नेमणूक मुलीसाठी आहे. तिचं म्हणणं काय ते तिच्याच शब्दांत पुढे पोचवा, बालगृहात ठेवलं असेल तर तिच्या परीक्षेचं बघा, घरून मारहाणीची भीती असेल तर समितीला लेखी कळवा. ती चूक की बरोबर हे सांगायला तुम्हाला कोणी नेमलेलं नाही.

## ६. जबाब आणि मेडिकल

तुमची नेमणूक कधी यांच्या आधी होते, कधी नंतर. आधी झाली तर घाई असते, म्हणून हे लक्षात असू द्या.

मेडिकल थांबवून ठेवू नका. एफआयआरची वाट बघायची गरज नाही, आणि तातडीचे उपचार देण्याआधी पोलिसांचं पत्र आणा असं हॉस्पिटल म्हणू शकत नाही. गर्भधारणा टाळणारी गोळी आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधं यांना ७२ तासांची मर्यादा असते आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, त्यामुळे रविवार असला तरी सिव्हिलला जायचं. घटनेच्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत, प्लास्टिकमध्ये नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासातली व्यक्ती हजर राहू शकते. आत कोणी थांबायचं हे मुलालाच विचारा, "मी थांबू का?" असं. गृहीत धरून आत शिरू नका.

पोलिसांचा जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, अधिकारी गणवेशात नको, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या. रात्री मुलाला पोलीस स्टेशनात थांबवता येत नाही. यातलं काही होत नसेल तर वाद घालण्याआधी शांतपणे कलमाची आठवण करून द्या, बरेचदा तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर समितीला फोन आणि नंतर रिपोर्टमध्ये नोंद.

मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ चा म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १८३ खाली आहे, पण कोर्टात अजून सगळे "एकशे चौसष्ट" म्हणतात, गोंधळू नका. तिथे आरोपीचा वकील नसतो. मुलाला आदल्या दिवशी सांगा की एक साहेब किंवा मॅडम विचारतील, कोणीतरी लिहून किंवा टाइप करून घेईल.

थांबा: जबाबाच्या वेळी मूल अडखळलं तर शब्द सुचवायचा नाही. मान हलवायची नाही. "अगं ते सांग ना" नाहीच नाही.

## ७. मधला लांब काळ, जिथे केस खरी ढासळते

जबाब झाला की सगळे शांत होतात आणि सपोर्ट पर्सनही गायब होतो. माझ्या मते सर्वात जास्त काम याच महिन्यांत आहे, कारण घरच्यांवर दबाव याच काळात येतो.

शाळा. मूल शाळेत जातंय का हे दर महिन्याला बघा. शाळा बदलायची असेल तर समितीमार्फत करा. मुख्याध्यापकांना कारण सांगत बसू नका, समितीचं पत्र पुरतं.

पैसे. तीन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्या एकात एक घालतात. जेवण, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजेसाठी समिती विशेष मदतीची शिफारस करू शकते आणि ती रक्कम आठवड्यात मिळायला हवी. अंतरिम भरपाई विशेष कोर्ट देतं, अर्जावर किंवा स्वतःहून, आदेशानंतर ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. आणि महाराष्ट्रात अत्याचार पीडितांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजना आहे, ती विधी सेवा प्राधिकरणाकडून चालते. कोणी तरी अर्ज केला असेल असं समजू नका. आईकडे बँक पासबुक, आधार आहे का इथून सुरुवात करा, बऱ्याच वेळा मुलाच्या नावावर खातंच नसतं आणि महिने जातात.

जामीन. आरोपीने जामिनाचा अर्ज केला की मुलाच्या बाजूला नोटीस मिळून बोलण्याची संधी मिळायला हवी, मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये हे स्पष्टपणे सांगितलंय. आरोपी शेजारी राहत असेल, धमक्या येत असतील तर त्या तारीखवार लिहून विधी सेवेच्या वकिलांकडे द्या. जामीन झालाच तर मुलाला ते तुमच्याकडून कळलं पाहिजे, दुकानात आरोपी समोर उभा दिसल्यावर नाही.

तडजोड. गावातले चार जण बसतात, पैशाची गोष्ट निघते, कधी लग्न लावून देऊ म्हणतात. पॉक्सोचा गुन्हा आपसात मिटत नाही हे पालकांना पहिल्या महिन्यातच समजावून सांगा. तुम्ही त्या बैठकीला जायचं नाही, मध्यस्थी करायची नाही. दबाव वाढला तर पोलीस, समिती, आणि गरज पडली तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली वकिलांमार्फत अर्ज.

कागद. गंभीर कलमांमध्ये तपास दोन महिन्यांत पुरा करायचा असतो, तेव्हा त्या सुमाराला चार्जशीट आली का विचारा. चार्जशीट दाखल झाली की तिची कॉपी मुलाला आणि पालकांना मिळण्याचा हक्क आहे. ती वकिलांकडे राहू द्या, स्वतःच्या घरी ठेवू नका, मोबाइलमध्ये फोटो तर अजिबात नको.

मासिक रिपोर्ट. समितीला दर महिन्याला द्यायचा, खटला संपेपर्यंत. मुलाची तब्येत, मनःस्थिती, घरची परिस्थिती, शाळा, उपचार. इथे लोक निबंध लिहितात. "मुलगी डिप्रेशनमध्ये गेली आहे" असं लिहू नका, ते निदान आहे आणि ते डॉक्टरांचं काम. "आई सांगते की रात्री दचकून उठते, या महिन्यात शाळेला अकरा दिवसच गेली, गणिताच्या बाईंशी बोलते, काकांच्या घरासमोरून जायला नको म्हणते" असं लिहा. बघितलं ते वेगळं, ऐकलं ते वेगळं, कोणाकडून ऐकलं ते नावानिशी. घटनेचं वर्णन रिपोर्टमध्ये नाही. शेवटी समितीकडून काय हवंय ते एका ओळीत मागा, मागितल्याशिवाय मिळत नाही.

तपासून घ्या: तुमच्या वहीत मुलाचं खरं नाव आहे का? असेल तर खोडा, खुणेचं नाव वापरा. नाव, फोटो, शाळा, गाव, नातेवाईक, ज्यातून ओळख पटेल असं काहीही बाहेर गेलं तर तो गुन्हा होऊ शकतो. "आज एका सात वर्षाच्या चिमुकलीसाठी कोर्टात" असं स्टेटस ठेवणारे लोक आहेत. गावात त्या वयाची, त्या दिवशी शाळेत नसलेली एकच मुलगी असते.

## ८. साक्षीची तयारी

तारीख लागली की निदान आठवडाभर आधी सुरू करा, आदल्या रात्री नाही.

पहिल्यांदा सरकारी वकिलांची आणि मुलाची भेट घडवा. साक्षीत काय विचारणार, जुना जबाब वाचून दाखवायचा की नाही, हे सगळं त्यांचं काम. त्या वेळी तुम्ही खोलीत असाल तरी त्या बोलण्यात पडू नका.

मग मुलाला काय सोयीचं वाटेल ते विचारा आणि वकिलांमार्फत आधीच अर्ज द्या. आरोपी दिसू नये म्हणून पडदा, व्हिडिओवरून साक्ष, दुभाषा, मधे विश्रांती, हे सगळं कायद्यात आहे. साक्षीच्या सकाळी मागितलं तर पडदाच सापडत नाही.

तिसरं, रिकामं कोर्ट दाखवा. परवानगी घेऊन, कामकाज संपल्यावर. न्यायाधीश कुठे बसतात, टाइप करणारे कुठे, तू कुठे, मी कुठे. सहा वर्षाच्या मुलाला चित्र काढून दाखवा, सोळाच्या मुलीला तसं करू नका, तिला सरळ मोठ्या माणसासारखं सांगा.

चौथं, प्रश्नांची सवय. घटनेचा एक शब्द न काढता. "काल जेवायला काय होतं?" विचारा. मग "माझ्या मामाच्या गाडीचा नंबर काय?" विचारा. मूल अंदाजाने काहीतरी सांगेल, कारण मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचंच असं शाळेत शिकवलेलं असतं. तेव्हा सांगा, माहीत नसेल तर "माहीत नाही" हेच खरं उत्तर. तसंच "आठवत नाही", "कळलं नाही, परत सांगा", "मला बाहेर जायचंय". आणि चुकीचं बोलून गेलो असं वाटलं तर "थांबा, मी चुकलो" म्हणता येतं. अवयवांची नावं घरात जी म्हणतात तीच म्हणायची, त्याला कोणी रागावणार नाही. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल तर शपथ देत नाहीत, पण खरं-खोटं कळतं का हे बघायला न्यायाधीश नाव, शाळा, असं विचारतात, हेही सांगून ठेवा.

थांबा: पालकही पढवतात. "तारीख सांगायला विसरू नकोस हं" असं रोज म्हणतात. त्यांना बाजूला घेऊन सांगा की मुलाचं पाठ केलेलं वाक्य कोर्टात लगेच ओळखू येतं.

## ९. साक्षीचा दिवस

मुलाला पोटभर खायला घालून आणा. पिशवीत पाणी, बिस्किटं, वही-रंग, जास्तीचे कपडे, आदेशाची कॉपी. कोर्ट सुरू व्हायच्या आधी पोचा आणि थेट मुलांच्या खोलीत जा, व्हरांड्यात उभे राहू नका, आरोपीचे नातेवाईक तिथेच असतात.

आई फिर्यादी असेल तर ती स्वतःही साक्षीदार असते, त्यामुळे मुलाच्या साक्षीच्या वेळी तिला बाहेर थांबायला सांगितलं जाऊ शकतं. हे मुलाला आणि आईला आधी माहीत पाहिजे. ऐनवेळी आई बाहेर गेली की मूल रडायला लागतं आणि तारीख पुढे जाते.

आत गेल्यावर न्यायाधीश सांगतील तिथे बसा. मूल तुम्हाला बघू शकेल पण तुमच्याकडे बघून उत्तर देतंय असं वाटणार नाही अशी जागा. हात मांडीवर, चेहरा साधा. वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांना द्यायचे आणि न्यायाधीशांनी मुलाला विचारायचे असा नियम आहे, मुलाच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारे प्रश्न विचारता येत नाहीत, तसं घडत असेल तर सरकारी वकिलांना चिठ्ठी द्या. तुम्ही उठून बोलायचं नाही. अपवाद एक, मूल दमलंय, लघवीला जायचंय, तेव्हा उभं राहून "साहेब, मुलाला विश्रांती हवीय" एवढं.

आरोपीचे वकील कदाचित तुमच्याबद्दल विचारतील. "ताई तुला भेटतात का?" मुलाने खरं सांगायचं, "हो". "काय बोलता?" "शाळेचं, कोर्टाचं." तुम्ही घटनेबद्दल कधी विचारलंच नसेल तर या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही.

साक्ष अर्धी राहिली किंवा साहेब रजेवर असल्याने झालीच नाही तर मुलाला कारण सांगा, "तुझ्यामुळे नाही थांबलं". नवीन तारीख घेऊनच बाहेर पडा. मुलाला वारंवार बोलावू नये असं कायदा सांगतो, तेव्हा दुसऱ्यांदा असं झालं तर समितीला आणि वकिलांना लेखी कळवा. घरी जाताना "काय विचारलं, तू काय बोललास" ही चौकशी पालकांना करू देऊ नका.

## १०. निकाल आणि त्यानंतर

निकालाची तारीख मुलाला आधी सांगा आणि त्याला यायचं नसेल तर येऊ नये. शिक्षा झाली तरी अपील होऊ शकतं, तेव्हा "संपलं सगळं" म्हणू नका. निर्दोष सुटला तर त्याच दिवशी मुलाला भेटा, फोनवर नाही, आणि सांगा की कोर्टाला पुरावा पुरेसा वाटला नाही, तू खोटं बोललास असा याचा अर्थ नाही. आरोपी सुटला तरी मुलाचं नुकसान झालंय असं कोर्टाला वाटलं तर भरपाई मिळू शकते, वकिलांना हा मुद्दा आठवणीने विचारा, कारण तो राहून जातो. अपिलाची मुदत आणि सरकारी वकिलांचं मत दोन्ही पालकांना कळवा.

निरोप दोन भेटींत घ्या, एकदम नाही. पहिल्या भेटीत सांगायचं की पुढची भेट शेवटची. मुलाकडे तुमचा खाजगी नंबर राहण्यापेक्षा १०९८ आणि समितीचा नंबर पालकांकडे लिहून द्या. समितीला शेवटचा रिपोर्ट, त्यात राहिलेली कामं स्पष्ट लिहिलेली, भरपाई जमा झाली की नाही, समुपदेशन चालू आहे का, शाळेचा दाखला मिळाला का. तुमच्याकडचे सगळे कागद समितीकडे परत करून पोच घ्या, फोनमधले मेसेज आणि फाइल पुसा, वहीतली पानं फाडून नष्ट करा.